दुसरा बंद

मी बाजाराची पिशवी बोलतेय. हसू नका. पिशवीला तोंड असतं, पोट असतं, असं तुम्हीच म्हणता. मग ती चार शब्द बोलली तर दचकायला काय झालं? दचकायचंच असेल तर जरा दम धरा. त्याची वेळ पुढं येणार आहे.

माझा जन्म सोलापूरच्या पूर्व भागातला, एका मागावरचा. खरं तर मी चादर व्हायची. मोरांची चादर. पण विणता विणता मागाला काय रोग झाला कोण जाणे, एका मोराचा पिसारा उतरला, पोट उतरलं आणि मान काही उतरलीच नाही. कारखानदारानं कपाळाला हात लावला, तेवढा तुकडा कापला आणि कोपऱ्यात भिरकावला. तिथं सुताची धूळ खात मी बरेच दिवस पडून होते.

तिथून मला उचललं मुक्ताबाईनं. ती एका प्रसूतिगृहात आया होती. चुकलेला माल स्वस्तात मिळतो म्हणून अधूनमधून त्या कारखान्याच्या दारात डोकवायची. तिनं मला उजेडात धरलं आणि खळखळून हसली.

"मान न्हाय व्हय ह्याला? बरं हाय की. बाजारात ह्याच्यात्याच्याकडं बघत बसायचा न्हाय."

घरी जाऊन तिनं मला दुहेरी शिवलं, आतल्या अंगाला एक खिसा लावला. बंदांसाठी कापड पुरेना, तेव्हा माळ्यावरची जुनी नवार काढली. तिच्या सासूनं शेवटचे सहा महिने ज्या खाटेवर काढले, त्या खाटेची ती नवार. नवऱ्यानं, सिद्रामनं, विचारलं, "आईच्या खाटंची नवार पिशवीला लावतीस?"

"मग काय झालं? सासूबाईंनी जित्या असताना कवा बाजाराला सोबत केली न्हाय. आता करतील."

मला तेव्हा ती थट्टा वाटली होती. आता त्या बोलण्यावर मला हसू येत नाही.

आमचा बाजार दर शनिवारी दिवस कलला की भरतो. एक सरळ रस्ता, मधे लिंबाचा पार, आणि दोन्ही बाजूंना खाण्याच्या गाड्या. पाराच्या समोर अक्कलकोटकडचा संगप्पा बसतो, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी घेऊन. त्याचं कानडीतलं "बर्री, बर्री", म्हणजे या, या, अर्ध्या रस्त्याला ऐकू जातं. त्याच्या पलीकडं मल्लेश. दिवसा माग चालवतो, संध्याकाळी बायकोबरोबर सर्वपिंडी भाजतो, म्हणजे तांदळाच्या पिठात तीळ-शेंगदाणे घालून थापलेली जाड खरपूस भाकर. त्याची हाक तेलुगूतली, "रा अम्मा, रा!" आणि रस्त्याच्या टोकाला खैरुनबी, खिम्याचे समोसे तळणारी. कढईपेक्षा तिचीच जीभ जास्त तापलेली. खिशात थोडे पैसे असले तरी घरादाराचं पोट भरेल असा हा बाजार. तीन-चार भाषांत घासाघीस चालते आणि सगळ्यांना सगळं कळतं.

या बाजाराची एक रीत आहे. चटणी म्हणा, शेंगदाणे म्हणा, खाली कागद अंथरून तराजूतून थेट पिशवीत पडतात. म्हणून गिऱ्हाइकानं पिशवीचं तोंड उघडं धरायचं. दोघी असल्या की फार सोपं. एकीनं एक बंद धरायचा, दुसरीनं दुसरा, आणि मधे मी आ करून उभी. मुक्ताबाई आणि तिची एकुलती एक लेक दीक्षा, दहा वर्षं मला अशाच धरत आल्या. उजवा बंद आईचा, डावा लेकीचा. घरी जातानाही तशाच जायच्या, ओझं दोघींत वाटून, गप्पा हाणत. गप्पा कसल्या, भांडणंच.

"ए आई, हळू चाल की. मला ओढत नेतीस काय?"

"तू पाय उचल. तुज्या वयाची असताना मी पाण्याच्या दोन-दोन घागरी आणत हुते."

मला दिसतं सगळं, तरी मी हातांनी माणूस ओळखते. मुक्ताबाईचा हात रुंद आणि गरम. शेकडो नवी बाळं त्या हातांनी पुसली होती. तिच्या तर्जनीला मिसरीचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी. दीक्षाचा हात बारीक, बोटाला पेनानं पडलेला घट्टा. ती सरकारी कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, तीन वर्षं.

आता तो शनिवार सांगते. फेब्रुवारीतला.

त्या दिवशी माझं पोट फाटायला आलं होतं. गल्लीतल्या चार घरांचं सामान मुक्ताबाईनं अंगावर घेतलेलं. दोन किलो शेंगदाणे, चटणी, भाकरीचे गठ्ठे, आणि वर गुळाची अख्खी ढेप. परीक्षेचा निकाल कधीही लागणार होता, आणि लागला की गल्लीत गूळ वाटायचा, हे तिनं ठरवून टाकलं होतं. निकालाच्या आधीच ढेप घ्यायला निघालेली बाई ती!

संगप्पाच्या गाडीवरून निघून आम्ही पाराशी आलो आणि दीक्षाचा फोन वाजला. तिची मैत्रीण ऋतुजा. "दीक्षे, लिस्ट लागली! तुजं नाव हाय!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मलाही ऐकू आलं.

पुढचं नीट ऐका. फोन वाजायच्या आधीच मुक्ताबाईचा हात बदलला होता. तो गार पडला होता, आणि तरी माझ्या नवारीत घाम उतरत होता. मग करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं, मग तर्जनी. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला. सगळं ओझं एका झटक्यानं दीक्षाकडं गेलं. तिच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातातून मी निसटले. मी खाली आदळले, माझ्या पाठोपाठ मुक्ताबाई, आणि तिचं डोकं पाराच्या दगडावर लागलं.

म्हणजे हात आधी आईचा सुटला. लेकीचा नंतर.

पण दीक्षाला आठवत होतं ते एवढंच: फोन घेतला, हातातली पिशवी सुटली, आई पडली.

दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. पिशवीच्या वजनानं तोल गेला आणि डोक्याला मार बसला, असं जो तो म्हणाला. सिद्राम धावत आला. तो एस.टी. डेपोतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं लेकीला विचारलं, "तू कुटं हुतीस गं?" आणि दीक्षाच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मी... मी खैरुनबीच्या गाडीवर होते, पप्पा. आई एकटीच पुढं आली होती."

बाजारातली माणसं भोवती उभी होती, संगप्पाही होता. सगळ्यांनी ते ऐकलं. एकदा तोंडातून गेलेलं मग तिला मागं घेता येईना.

मला घरी आणून खिळ्याला अडकवलं. तिथून मी सगळं ऐकत होते. बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. सिद्राम जेवायला बसला की रोज एकच म्हणायचा, "एवढं वजन एकटीनं उचलायचं तिला काय नडलं हुतं? एकटी पडली बिचारी. शेवटाला संगं कुनी न्हवतं." ते ऐकलं की दीक्षाचा घास हातात तसाच राहायचा. मी खिळ्यावर तळमळायचे. मला खरं माहीत होतं आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. असली लाचारी वैऱ्यावरही येऊ नये.

सिद्राम मला टाकून द्यायला निघाला होता. "ह्या पिशवीनंच घात केला." दीक्षानं मला त्याच्या हातून काढून घेतलं. "राहू द्या पप्पा. तिनं शिवलीय."

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती मला घेऊन एकटी बाजाराला गेली.

संगप्पा खाली मान घालून चटणी कुटत होता. दीक्षानं सवयीनं डावा बंद धरला आणि मला उजवीकडं पुढं केलं, नेहमीसारखं. संगप्पानंही सवयीनं, वर न बघता, तराजूचं पारडं उचललं. "बर्री मुक्ताक्का, अर्धा किलोच न्हवं?" आणि चटणी ओतली.

एका बंदानं धरलेली पिशवी काय करते? तोंड मिटून लोंबते. ती चटणी रस्त्यावर सांडायला हवी होती. सांडली नाही. माझं तोंड उघडं होतं, कारण उजवा बंद ताठ उभा होता.

त्या बंदावर हात होता. चार बोटं, एक अंगठा. रुंद हात, पण गरम नव्हे. तर्जनीला मिसरीचा वास.

संगप्पानं वर बघितलं. पारडं त्याच्या हातात तसंच राहिलं. त्यानं एकदा दीक्षाकडं बघितलं, एकदा त्या उभ्या बंदाकडं, आणि तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी पुटपुटत बत्ता हातात घेतला. पुन्हा काही त्यानं मान वर केली नाही.

दीक्षाला कळलं ते तिथून निघाल्यावर. एवढं सामान भरून हाताला अर्धंच वजन का लागतंय, म्हणून तिनं वळून बघितलं. बंद बघितला. तिच्या बोटांत काटा आला, तो माझ्याही अंगात आला. ती ओरडेल, मला टाकून पळेल, असं मला वाटलं. ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आई?"

बंदाला एक हलका हिसका बसला. चल, पाय उचल, असा.

तेव्हापासून दर शनिवारी हे सुरू झालं. आणि बाजारानं ते कसं सांभाळून घेतलं, ते ऐकाल तर अंगावर शहारा येईल. एवढी गर्दी, खांद्याला खांदा घासायचा. पण आमच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा कायम मोकळी राहायची. लोक फोनवर बोलत यायचे आणि न बघता त्या जागेला वळसा घालून जायचे. एकदा एक बाई तर "सरा हो मावशी" म्हणाली, आणि चार पावलं पुढं जाऊन, आपण कुणाला म्हणालो म्हणून मागं बघत राहिली. रस्त्यावर आडवी पसरलेली कुत्री दीक्षासाठी उठायची नाहीत. तिच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेसाठी मात्र उठायची.

घरी आल्यावर मी खिळ्याला अडकायचे. डावा बंद कोरडा, उजवा ओला. सोमवारपर्यंत वाळायचा नाही. सोलापूरचा उन्हाळा, जिथं धुतलेला सदरा दोरीवर पोचेपर्यंत सुकतो! एकदा सिद्राम पाणी प्यायला उठला आणि त्याचा हात बंदाला लागला. त्यानं बोटं नाकाशी नेली.  मग, कुणी काही विचारलं नसताना, भिंतीकडं बघून म्हणाला, "आपल्यात असलं काय मानत न्हाईत."

दीक्षाही मानत नव्हती. लहानपणापासून तिनं तेच ऐकलं होतं, तेच तिला पटलंही होतं. भूत नाही, आत्मा नाही, कुणाची वाट अडत नाही. बाजारातल्यांनी आपापले उपाय सुचवून बघितले. मल्लेशच्या बायकोनं सांगितलं, पिवळी मोहरी उतरून टाक. खैरुनबी म्हणाली, "बेटी, जुमेरात को दर्ग्याकू चल मेरे साथ. ऐसा अकेलीच नक्को फिरू." संगप्पा खाली बघतच म्हणाला, "स्वामींच्या मठात येऊन जा एकदा." दीक्षा सगळ्यांना एकच सांगायची, "मी असलं मानत नाही, मावशी. मी असलं मानत नाही, काका." आणि सांगताना डाव्या हातानं केस सारखे करायची. उजव्या हातात एक बंद, आणि दुसरा बंद आपला आपण उभा. ते बघून खैरुनबीनं तोंडावर पदर घेतला.

मला मुक्ताबाईची भीती नव्हती. जिनं मला उकिरड्यापासून वाचवलं, तिला मी का भ्यावं? मला भीती वाटत होती ती दीक्षाची. ती आईच्या आवडीचं सगळं घ्यायची आणि घरी येऊन त्यातलं काही खायची नाही. तिचा हात हलका होत चालला. दर शनिवारी पलीकडची पकड घट्ट, अलीकडची सैल. एप्रिल संपता संपता असं झालं की मला आईच चालवत होती. लेक नुसती बंदाला लागून होती.

त्यातच नोकरीची ऑर्डर आली. उदगीरच्या एका कचेरीत कारकून. मेच्या शेवटच्या सोमवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या खालच्या नावाला जाणार. दीक्षानं ती सिद्रामला दाखवली नाही. घडी घालून माझ्या आतल्या खिशात ठेवली आणि उजव्या बंदाला म्हणाली, "ज्या फोनपायी तू पडलीस, त्या फोनातली नोकरी मला नको." तीन वर्षांचा अभ्यास, आईनं आधीच घेतलेली गुळाची ढेप, सगळं त्या कागदात घडी होऊन माझ्या पोटात बसलं. मला तो कागद ढेपेपेक्षा जड लागत होता.

आणि मग मेचा शेवटचा शनिवार आला. सोमवार दोन दिवसांवर.

दिवस मावळायला टेकला होता, रस्ता तव्यासारखा तापलेला. त्या दिवशी दीक्षानं खरेदी केली ती फेब्रुवारीतली. तीच, त्याच क्रमानं. दोन किलो शेंगदाणे. चटणी. भाकरीचे गठ्ठे. शेवटी गुळाची अख्खी ढेप. तिच्या मनात काय आहे ते ध्यानात येऊन माझे टाके ताणले गेले. पाराशी आली आणि थांबली. तोच दगड. तिचा हात इतका सैल, की मी केवळ उजव्या बंदावर तोलून होते.

"आई," ती म्हणाली, "परवा तारीख संपतीय. मी जाणार नाही. त्या दिवशी मी पिशवी सोडली. तुला सोडलं. आणि वर पप्पांना खोटं सांगितलं की मी नव्हतेच. आता तू मला सोडू नको. ने मला तुझ्यासंगं."

मल्लेशचं उलथणं तव्यावर थांबलं. खैरुनबीची कढई गप्प झाली. बाजार चालू होता, पण आमच्याभोवती आवाज म्हणून राहिला नाही. उजवा बंद ओला व्हायला लागला. टपटप पाणी पडावं इतका ओला. पकड अशी आवळली की माझ्या नवारीचा धागा न् धागा बोलला. नेतेय आता ही पोरीला, मला वाटलं. मी माझ्या जन्मात कधी एवढी भ्याले नाही.

मग करंगळी सुटली.

मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं, मग तर्जनी. अगदी तसंच, त्याच चालीनं, सावकाश, लेकीच्या नीट लक्षात यावं असं. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला. बंद पडला, आणि सगळं ओझं एका झटक्यानं दीक्षाकडं गेलं.

तिचा खांदा खाली खेचला गेला. पण या वेळी दुसऱ्या हातात फोन नव्हता. तिनं दोन्ही हातांनी मला धरलं, कवटाळलं. भाकरीचा गठ्ठा उडून रस्त्यावर पडला, मी पडले नाही. ती धापा टाकत उभी राहिली आणि मला तिच्या छातीतली धडधड ऐकू येत होती.

"हा झटका," ती म्हणाली. "हा झटका त्या दिवशी पण बसला होता. आधी झटका. मग माझा हात."

मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून व्हय म्हणाले. ऐकू आलं नसेल, पण म्हणाले.

ती तशीच, मला छातीशी धरून, संगप्पाच्या गाडीवर गेली. "काका, त्या दिवशी तुम्ही हितंच होता. तुम्ही काय बघितलं?"

संगप्पानं बत्ता ठेवला. हात धुतले. पुन्हा धुतले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं.

"समदं बघितलं की, पोरी. मुक्ताक्का माज्याकडनं निगाली तवाच तिचा चेहरा पांडरा पडला हुता. पाराजवळ तिनं असा छातीला हात लावला. पिशवीचा हात सोडला आन् छातीला लावला. तुजा फोन तवा नुस्ता कानाला लागत हुता."

"मग सांगितलं का नाही? मला, पप्पांना, कुणालातरी!"

"कसं सांगू?" संगप्पा म्हणाला. "दवाखान्यात तू समद्यांम्होरं म्हनलीस, मी तितं न्हवते. मी जर म्हनलो, व्हती, मी बघितली, तर पोरगी बापाम्होरं खोटी पडंल. म्हटलं, का झाकतीय तिचं तिला ठावं. म्हून तोंड शिवून बसलो. तू हे उरावर घेतलंस, हे मला काय ठावं?"

अहो, काय म्हणावं या माणसाला! तिची लाज राखायची म्हणून तो गप्प, आणि तो गप्प म्हणून ती झिजत चाललेली. आणि मी बापडी समजत होते की खरं मला एकटीलाच माहीत आहे. दीक्षा त्याच्या गाडीच्या कडेला खाली बसली आणि मोठ्यानं रडली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. खैरुनबी कढई तशीच टाकून आली, तिच्या डोक्यावरून तेलकट हात फिरवत राहिली. "रो ले बेटी, रो ले." मल्लेशनं रस्त्यावर पडलेला भाकरीचा गठ्ठा उचलला, झटकला आणि माझ्यात परत ठेवला.

त्या संध्याकाळी दीक्षानं मला दोन्ही बंद एका हातात धरून घरी नेलं. ओझं सगळं तिच्यावर होतं. दोनदा हात बदलला, पण नेलं.

सिद्राम उंबऱ्यात बसला होता. तिनं मला खाली ठेवलं, खिशातली ऑर्डर काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. फोन, झटका, खोटं. सांगताना मान वर केली नाही. बाप मारेल असं तिला वाटत असावं. त्यानं आजवर तिच्यावर बोट उगारलं नव्हतं.

सिद्रामनं कागद घडी करून खिशात ठेवला. 

"म्हंजे," तो म्हणाला, "म्हंजे ती एकटी न्हवती."

"नाही पप्पा. मी होते."

"संगं हुतीस तू तिच्या."

"व्हय."

"आन् लिस्ट लागलेलं तिनं ऐकलं?"

दीक्षानं डोळे मिटले, आठवलं. "ऐकलं असंल. ऋतुजा लई मोठ्यानं ओरडली होती."

सिद्रामनं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि त्याचं अख्खं अंग हललं. तीन महिने त्याला एकच दुःख खात होतं, ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं; मी आपली लेकीचीच काळजी करत बसले होते. टॉवेल काढून त्यानं विचारलं, "सोमवारी उदगीरची गाडी कितीला हाय?" आणि आत जाऊन विळीवर गुळाची ढेप फोडायला बसला. रात्र पडायच्या आत त्यानं गल्लीतल्या प्रत्येक घरात खडा पोचवला.

आता दीक्षा उदगीरला असते. फोन करते, जेवते, असं तिचा बाप शेजाऱ्यांना सांगतो. मी इथंच राहिले, खिळ्यावर. उजवा बंद कोरडा ठणठणीत आहे. तळाशी मला एक ठिगळ पडलंय, बिनमानेचा मोर पार विटून गेलाय, आणि आणखी दोन पावसाळे काढीन की नाही याची खात्री नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

सांगायचं होतं ते वेगळंच. गेल्या शनिवारी सिद्रामनं मला खिळ्यावरून काढलं. उभ्या जन्मात तो कधी बाजाराला गेलेला माणूस नव्हे. दोन्ही बंद एका मुठीत आवळून, कोंबडी पायांनी धरावी तशी मला लटकवत निघाला. संगप्पाकडं अर्धा किलो चटणी घेतली. पाराशी आला आणि थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणी बघत नाही ना याची खात्री केली. मग त्यानं मूठ सोडली, डावा बंद आपल्या हातात ठेवला, आणि उजवा बाजूला धरून, हळूच, हवेत सोडून दिला.

तो खाली पडला.

त्यानं पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा पडला. तेवढ्यात मागून कुणी पोरगा खिदळला, "आजोबा, पिशवी फाटली काय?" सिद्रामनं घाईघाईनं दोन्ही बंद मुठीत घेतले आणि ओठ हलवत चालू लागला. शब्द मलाच ऐकू आले. "आपल्यात असलं काय मानत न्हाईत."

उद्या पुन्हा शनिवार आहे. तो जाणार, मला माहीत आहे. आजच त्यानं सदरा धुऊन ठेवलाय. तेव्हा माझं तुमच्याकडं एकच मागणं. तुम्ही त्या बाजारात आलात आणि पाराशी एक म्हातारा दिसला, एक बंद हातात आणि दुसरा हवेत धरलेला, तर हसू नका. बंद पडलाय हे त्याला सांगू नका, त्याला ते दिसतंय. तुम्ही फक्त त्याच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून चाला.